सुबुद्ध अवज्ञा : अपंगांच्या साहाय्यक श्वानांविषयी एक प्रस्तावना

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात मॉरिसटाउन येथे 'द सीइंग आय' नावाची जी संस्था अंधांसाठी मार्गदर्शक श्वान तयार करते, तिच्या कारभारातील एक कलम प्रथमदर्शनी कोणाही सहृदय माणसाला खटकेल असे आहे. संस्था लोकांच्या देणग्यांवर चालते. एक श्वान जन्मापासून वाढवून, शिकवून, कामास लायक करण्यास तिला हजारो डॉलर खर्च येतो. आणि तरीही ज्या अंध व्यक्तीच्या हाती तो श्वान सोपवावयाचा, तिच्याकडून ती मोबदला घेते. पहिल्या श्वानाबद्दल १५० डॉलर, पुढील प्रत्येकाबद्दल ५० आणि सैन्यात चाकरी केलेल्यांकडून केवळ १ डॉलर, असा हा आकार १९३४ सालापासून चालत आलेला असून त्यात आजतागायत फरक झालेला नाही. खर्चाच्या मानाने ही रक्कम इतकी क्षुल्लक आहे, की ती घेण्यामागे खजिन्यात भर घालण्याचा इरादा नाही हे कोणालाही कळावे. इरादा निराळा आहे. दान म्हणून पदरात पडलेल्या वस्तूविषयी तक्रार करता येत नाही, आणि दात्याच्या दारात दुसऱ्यांदा उभे राहताना मान आपोआप खाली जाते. उलट थोडे का होईना पण मोल मोजून घेतलेल्या वस्तूविषयी माणूस हक्काने बोलू शकतो. अंध मनुष्य हा आश्रित नसून ग्राहक आहे, ही गोष्ट त्या संस्थेने उपदेशाने न सांगता पावतीने सांगितली.

साहाय्यक श्वानांच्या विषयात आपण बहुधा प्राणिप्रेमाच्या दाराने शिरतो. श्वानाचे इमान, त्याचे निर्व्याज प्रेम, त्याचे ओलसर डोळे यांची वर्णने वाचून गहिवरतो आणि जसे शिरलो तसेच बाहेर पडतो. त्या गहिवराला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु या विषयाचे मर्म तेथे नाही असे माझे स्पष्ट मत आहे. अपंग मनुष्याजवळून समाज जी गोष्ट सर्वांत आधी, आणि तीही अत्यंत प्रेमाने, काढून घेतो ती म्हणजे स्वतःचा निर्णय स्वतः करण्याचा अधिकार. कोठे जावे, केव्हा जावे, रस्ता कोणत्या क्षणी ओलांडावा हे दुसरा कोणी ठरवितो, आणि ते ठरविणारा सहसा आप्त असतो म्हणून त्याविरुद्ध दाद मागण्याचीही सोय राहत नाही. उत्तम शिकविलेला श्वान हा अधिकार परत मिळवून देतो, आणि तो परत मिळवून देण्याची युक्ती मोठी विलक्षण आहे.

मार्गदर्शक श्वान मालकाला वाटेल तेथे घेऊन जातो, 'स्टेशन' म्हटले की स्टेशनवर आणि 'कचेरी' म्हटले की कचेरीत नेऊन पोहोचवितो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती निखालस चुकीची आहे. नेहमीच्या वाटा त्याच्या अंगवळणी पडतात हे खरे, परंतु नव्या ठिकाणी रस्ता ठाऊक असावा लागतो तो माणसाला. किती चौक ओलांडल्यावर डावीकडे वळावयाचे याचा नकाशा अंध व्यक्तीच्या डोक्यात असतो, आणि 'पुढे', 'डावीकडे', 'उजवीकडे' हे हुकूम तीच देते. वाहतुकीच्या दिव्यांचा अर्थही श्वान लावीत नाही. वाहनांच्या आवाजाचा ओघ कोणत्या दिशेने वाहतो आहे हे कानांनी जोखून रस्ता ओलांडण्याची वेळ अंध मनुष्यच ठरवितो. श्वानाकडे असते ते मधल्या अंतराचे काम : खड्डा, पायरी, उभी केलेली सायकल, पदपथाची कड. कड आली की त्याने थांबावयाचे, आणि पुढचा हुकूम मिळेपर्यंत थांबून राहावयाचे. याहून अवघड गोष्ट म्हणजे त्याने स्वतःच्या उंचीचा विचार सोडून माणसाच्या उंचीचा विचार करावयाचा असतो. रस्त्यावर झुकलेली जी फांदी श्वानाच्या डोक्यावरून दोन हात अंतर राखून जाते ती मालकाच्या कपाळावर आदळणार आहे, आणि ज्या फटीतून आपण सहज निसटू त्या फटीत मालकाचा खांदा अडकणार आहे, हे जनावराला शिकविणे म्हणजे त्याला दुसऱ्याच्या देहाचे माप आपल्या मनात बाळगण्यास शिकविणे होय. कित्येक माणसांना ही विद्या आयुष्यभर साधत नाही.

आणि या शिक्षणाचा कळस ज्याला म्हणता येईल तो धडा म्हणजे सुबुद्ध अवज्ञा. मालकाने 'पुढे' म्हणून हुकूम दिला, पण त्याच्या कानांना न कळलेली मोटार वळणावरून येत आहे, अशा वेळी श्वानाने हुकुमाची तामील न करता जागच्या जागी पाय रोवून उभे राहावयाचे, प्रसंगी मालकाला मागे रेटावयाचे. आज्ञापालन शिकविणे सोपे. आज्ञा केव्हा मोडावी हे शिकविणे कठीण. आणि मोडल्यावरही पुढच्याच क्षणी पुन्हा आज्ञेत यावे, अधिकार बळकावून बसू नये, हे त्याहून कठीण. परोपकारी नातलगांच्या ठायी नेमका हाच शेवटचा गुण दुर्मीळ असतो, एवढे जाता जाता नमूद करून ठेवतो.

या विद्येचा इतिहास एका दृष्टीने फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम नगरीतील एका भित्तिचित्रात, श्वानाच्या आधाराने चाललेला अंध मनुष्य म्हणून ओळखली जाणारी आकृती आहे. परंतु दोरीने बांधलेला श्वान अंध भिक्षेकऱ्याच्या पुढे चालतो यात शिक्षण थोडे आणि योगायोग फार. १८०४ साली व्हिएन्नात अंधांची शाळा काढणाऱ्या योहान विल्हेल्म क्लाइन याने १८१९ साली अंधशिक्षणावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात दोरीऐवजी श्वानाला ताठ काठी जोडावी अशी सूचना आढळते. सूचना दिसावयास लहान, पण सारे शास्त्र तिच्यात आहे. दोरी फक्त ओढली जाते. ताठ दांडा मात्र श्वानाच्या शरीराची प्रत्येक हालचाल, त्याचे वळणे, कचरणे, थबकणे, माणसाच्या तळहातापर्यंत जशीच्या तशी पोहोचवितो. आजच्या मार्गदर्शक श्वानाच्या अंगावरील साज आणि त्याची वर आलेली घट्ट मूठ हा त्या काठीचाच वंशविस्तार आहे.

तथापि या विद्येला संस्थेचे रूप आले ते महायुद्धाने. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंनी आणि तोफगोळ्यांनी अंध झालेले जर्मन सैनिक रुग्णालयांत गर्दी करू लागले, तेव्हा गेरहार्ट श्टालिंग या वैद्याने १९१६ साली ओल्डेनबुर्ग येथे मार्गदर्शक श्वानांची पहिली पद्धतशीर शाळा उघडली. आपला श्वान एका अंध सैनिकाजवळ ठेवून श्टालिंग काही कामासाठी गेला आणि परतून पाहतो तो श्वान त्या सैनिकाची राखण करीत आहे, अशी या शाळेच्या जन्माची कथा सांगतात. अशा जन्मकथा बहुधा मागाहून सुबक होतात. ओल्डेनबुर्गची शाळा पुढे दहा वर्षांत बंद पडली, परंतु १९२३ साली बर्लिनजवळ पॉट्सडॅम येथे निघालेल्या दुसऱ्या शाळेने ती परंपरा पुढे नेली, आणि तेथेच डोरथी हॅरिसन यूस्टिस या अमेरिकन बाईंनी तिला प्रथम पाहिले.

यूस्टिसबाई स्वित्झर्लंडमध्ये व्हेव्हे गावाच्या वरच्या डोंगरावर जर्मन शेफर्ड जातीच्या श्वानांची पैदास करीत असत. पोलीस, लष्कर आणि जकात खात्याला श्वान पुरविणे हा त्यांचा उद्योग होता. पॉट्सडॅमला पाहिलेल्या दृश्याने भारावून त्यांनी अमेरिकेतील 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात लेख लिहिला. तो ५ नोव्हेंबर १९२७ च्या अंकात छापून आला आणि टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरी एका बापाने तो आपल्या अंध मुलाला वाचून दाखविला. मुलाचे नाव मॉरिस फ्रँक, वय एकोणीस. सहाव्या वर्षी घोड्यावरून जाताना झाडाची फांदी लागून त्याचा एक डोळा गेला होता आणि सोळाव्या वर्षी मुष्टियुद्ध खेळताना दुसरा. विम्याचे काम करून तो आपले पोट भरू पाहत होता. त्यासाठी पगारी मुले वाटाड्या म्हणून ठेवीत होता, आणि ती मुले कंटाळली की त्याचा दिवस तेथेच संपत होता. त्याने यूस्टिसबाईंना पत्र पाठवून दोन गोष्टी कळविल्या : मला शिकवा, आणि मी शिकलो म्हणजे परत येऊन माझ्यासारख्या इतरांना शिकवीन. मला या पत्रात दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते, कारण मागणाऱ्याने मागतानाच स्वतःला देणाऱ्यांच्या पंगतीत बसविले होते.

१९२८ च्या वसंतात फ्रँक युरोपास गेला तो अक्षरशः पार्सल म्हणून. एकट्या अंध प्रवाशाची जोखीम कोण घेणार, सबब त्याला अमेरिकन एक्सप्रेस कंपनीच्या हवाली करण्यात आले. बोटीवर त्याला खोलीत कोंडून ठेवीत आणि ठरावीक वेळी फिरावयास बाहेर काढीत. स्वित्झर्लंडमध्ये जॅक हंफ्री या शिक्षकाने त्याच्या हाती एक शेफर्ड कुत्री दिली. तिचे मूळ नाव 'किस'. त्या नावाने भर रस्त्यात हाक मारणे फ्रँकला प्रशस्त वाटेना, म्हणून त्याने तिला 'बडी' म्हणण्यास सुरुवात केली. काही आठवड्यांच्या तालमीनंतर तो एके दिवशी बडीसह एकटाच गावातील न्हाव्याकडे केस कापून आला. वाचकाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण अंध झाल्यापासून दुसऱ्याच्या सवडीवाचून केस न कापता आलेल्या तरुणाला त्या दिवशी काय मिळाले याचा हिशेब करून पाहावा. परतीच्या प्रवासात त्याच महासागरावर तोच मनुष्य बोटीवर मनास येईल तसा हिंडत होता.

जून १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्यावर वृत्तपत्रांच्या बातमीदारांनी त्याला आव्हान दिले, की शहाणी असेल तुमची कुत्री तर हा वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखवा. धक्क्यालगतचा तो रुंद रस्ता, बेफाम मालमोटारी, डोळस माणसालाही धडकी भरविणारा गलबला. फ्रँकने 'पुढे' म्हटले आणि बडी निघाली. थांबली, सरकली, मागे आली, पुन्हा पुढे झाली, आणि त्याला पलीकडे घेऊन गेली. त्या कोलाहलात आपले दिशाभान पार हरपले होते आणि आपण केवळ तिच्या स्वाधीन झालो होतो, अशी कबुली त्याने पुढे दिली आहे. म्हणजे ज्या प्रसंगाने ही विद्या अमेरिकेत गाजली तो प्रसंग त्या विद्येचा आदर्श नमुना नव्हता. आदर्श जोडीत मालकाचे दिशाभान असे हरपून चालत नाही. इतिहासाला पुष्कळदा अपवादानेच प्रसिद्धी मिळते. यूस्टिसबाईंना त्याने त्या दिवशी तार केली ती एकाच शब्दाची : यश. २९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिलमध्ये 'द सीइंग आय' संस्थेची स्थापना झाली आणि १९३१ साली ती न्यू जर्सीत आली.

रस्ता ओलांडणे साधले तरी दरवाजे ओलांडणे बाकी होते. उपाहारगृहे, नाटकगृहे, आगगाड्या, सर्वत्र कुत्र्याला मज्जाव. फ्रँक आणि बडी गावोगाव फिरले, व्यवस्थापकांशी हुज्जत घातली, समजूत काढली. १९३५ पर्यंत अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी मार्गदर्शक श्वानांना डब्यात मुभा दिली, आणि १९५६ पर्यंत त्या देशातील प्रत्येक राज्यात अंध व्यक्तीला श्वानासह सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाची हमी देणारा कायदा झाला. बडी स्वतः १९३८ सालीच गेली. इंग्लंडात हेच कार्य म्युरिएल क्रुक आणि रोझमंड बाँड या दोन स्त्रियांनी १९३१ साली लिव्हरपूलजवळच्या वॉलसी येथे आरंभिले. ज्युडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा ही त्यांच्या पहिल्या चार शेफर्डांची नावे तेथे अजून आदराने घेतली जातात.

पुढे ही विद्या अंधत्वाच्या मर्यादेत राहिली नाही. १९७५ साली बॉनी बर्गिन यांनी कॅलिफोर्नियात चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तींसाठी श्वान शिकविण्याची संस्था काढली : पडलेली वस्तू उचलून देणे, दार ओढणे, दिव्याचे बटन दाबणे. त्याच दशकात बधिरांसाठीही श्वान तयार होऊ लागले. दाराची घंटा किंवा तान्ह्याचे रडणे कानी पडले की मालकाला पायाने स्पर्श करून आवाजाच्या उगमापाशी नेणे हे त्यांचे काम. या साऱ्यांत एंडल नावाच्या लॅब्रॅडॉरची हकीकत मला विशेष वाटते. त्याचा मालक ॲलन पार्टन हा ब्रिटिश नौदलातील. १९९१ च्या आखाती युद्धात डोक्याला इजा होऊन त्याची स्मृती आणि वाचा बिघडली होती. बोलून हुकूम देणे त्याला अशक्य, म्हणून एंडल त्याच्या हातांच्या खुणा शिकला, आणि बँकेच्या यंत्रातून पैसे व कार्ड काढून देण्यापर्यंत त्याची मजल गेली. २००१ साली एका मोटारीच्या धक्क्याने पार्टन चाकाच्या खुर्चीवरून फेकला जाऊन बेशुद्ध पडला, तेव्हा एंडलने त्याला श्वास कोंडणार नाही अशा कुशीवर वळविले, त्याच्या अंगावर पांघरूण ओढले, मोटारीखाली गेलेला फोन शोधून त्याच्याजवळ आणला, आणि मालक शुद्धीवर आल्यावरच तो मदत आणण्यासाठी जवळच्या हॉटेलाकडे धावला. क्रम पाहावा, अनेक समंजस माणसे आरडाओरडीने सुरुवात करतात.

उपचारश्वानांचा प्रांत निराळा आहे आणि दोहोंची सरमिसळ करणे दोहोंना अपायकारक आहे. साहाय्यक श्वान एका व्यक्तीचा असतो आणि ठरावीक कामे करतो. उपचारश्वान आपल्या मालकाबरोबर रुग्णालयात, शाळेत, वृद्धाश्रमात जातो आणि अनेकांना केवळ आपले सान्निध्य देतो. १९४४ साली न्यू गिनीच्या रणभूमीवर एका खंदकात स्मोकी नावाची जेमतेम पावणेदोन किलो वजनाची यॉर्कशायर टेरियर सापडली. विल्यम विन या अमेरिकन सैनिकाने तिला पाळले, आणि तो ताप येऊन रुग्णालयात पडला तेव्हा परिचारिकांनी तिला इतर जखमींच्या खाटांवरही फिरविले. अशा श्वानांची वंशावळ लिहिताना तिचे नाव आरंभी येते. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी, आपला जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीत असला म्हणजे अबोल मुले बोलू लागतात हे निरीक्षण १९६२ साली शास्त्रीय नियतकालिकात मांडले. सहव्यावसायिकांनी प्रारंभी त्यांची थट्टाच केली.

थट्टेचे दिवस आता सरले आहेत. क्वेबेकमध्ये मिरा संस्थेने स्वमग्न मुलांच्या कुटुंबांना (उपचारश्वान नव्हे, साहाय्यक) श्वान दिले तेव्हा संशोधकांनी ४२ मुलांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक मोजले आणि २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले : सकाळी जागे झाल्यावर त्याच्यात होणारी वाढ श्वान येण्यापूर्वी ५८ टक्के होती, श्वान घरात असताना ती १० टक्क्यांवर आली, आणि श्वान थोडे दिवस दूर नेल्यावर ४८ टक्क्यांवर परतली. तिसरा आकडा नसता तर पहिल्या दोहोंवर मी इतका विश्वास ठेवला नसता. तरीही लाळेतील संप्रेरक म्हणजे मुलाचे सुख नव्हे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. या क्षेत्रातील उत्साही लेखक ते वारंवार विसरतात.

या उत्साहाचा अतिरेक अमेरिकेत कायद्याच्या दारापर्यंत गेला. तेथील १९९० च्या अपंगविषयक कायद्याखाली साहाय्यक श्वानास सार्वजनिक ठिकाणी प्रवेश आहे, आणि दारावरचा कर्मचारी दोनच प्रश्न विचारू शकतो : हा श्वान अपंगत्वामुळे आवश्यक आहे काय, आणि कोणते काम करण्यास त्याला शिकविले आहे. दाखला मागता येत नाही. विमानप्रवासाला लागू असलेल्या निराळ्या नियमांतील अशाच औदार्याचा फायदा घेऊन मानसिक आधाराच्या सबबीखाली लोक नाना प्राणी विमानात आणू लागले. २०१८ च्या जानेवारीत न्यूअर्कच्या विमानतळावर एक मोरदेखील हजर झाला आणि विमान कंपनीने त्याला प्रवेश नाकारला. अखेर २०२१ पासून तेथील परिवहन खात्याने केवळ भावनिक आधार देणाऱ्या प्राण्यांना साहाय्यक श्वानांच्या वर्गातून वगळले. मोराची गोष्ट हसण्यावारी नेता येईल, परंतु प्रत्येक बनावट श्वानामुळे खऱ्या जोडीकडे दारावर संशयाने पाहिले जाते, आणि फ्रँकने हुज्जत घालून उघडलेला दरवाजा पुन्हा किलकिला होतो.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात विशेष मुलांच्या शाळांतून उपचारश्वान नेण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि ते स्वागतार्ह आहेत; मार्गदर्शक श्वान मात्र येथे रुजला नाही. त्याचे खापर आपण श्वानविषयक शिवाशिवीवर फोडतो. श्रीदत्ताच्या पायाशी चार श्वान बसविणाऱ्या आणि खंडोबापुढे स्वतः वाघ्या होऊन भुंकणाऱ्या मुलखात हे कारण मला अपुरे वाटते. खरी अडचण पदपथाची आहे. कड आली की थांबावे हा ज्या विद्येचा पाया, तिला आधी सलग कड हवी. आमच्या पदपथाला कधी कड नसते, कधी पदपथच नसतो, आणि असलाच तर त्यावर दुचाकी, टपरी आणि गल्लीची मालकी सांगणारे चार भटके कुत्रे असतात, जे पट्ट्यातील परक्या श्वानाला बिनविरोध जाऊ देणार नाहीत. पांढरी काठी स्वस्त आहे, तिला कुत्रे चावत नाहीत, तिला खाऊ घालावे लागत नाही. १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड स्थापन झाल्यापासून काठीच्या आधारे स्वतंत्रपणे हिंडणाऱ्या पिढ्या आपल्याकडे तयार झाल्या, आणि त्यांचे काही अडले असे नाही. ज्याला काठीच सोयीची वाटते त्याला श्वान घेण्याचा आग्रह करणे हा पुन्हा तोच निर्णयाचा अपहार होईल.

श्वानाच्या बाजूनेही एक शब्द लिहिणे न्याय्य आहे. पिल्लू आठ आठवड्यांचे होताच स्वयंसेवक कुटुंबाकडे जाते, वर्ष-सव्वा वर्षाने तेथून उचलून शाळेत आणले जाते, काही महिन्यांच्या शिक्षणानंतर मालकाच्या स्वाधीन होते, आणि सात-आठ वर्षांच्या चाकरीनंतर निवृत्त होते. म्हणजे एका आयुष्यात त्याची तीन-चार घरे होतात. अनेक पिल्ले शिक्षणात नापास होतात आणि सुखाने पाळीव कुत्री म्हणून जगतात. साज उतरला की कामकरी श्वानालाही खेळण्याची पूर्ण मोकळीक असते, आणि साज पुढे धरताच स्वतः डोके घालणारा श्वानच चांगला शिक्षक पसंत करतो.

न्यू जर्सीत आज मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे, आणि मॉरिसटाउनच्या रस्त्यांवर शिक्षणाधीन श्वान नेहमी दिसतात; लंडन-टोरांटोकडच्या वाचकालाही असा प्रसंग येईल. तेव्हा साजातील श्वानाला हाक मारू नये, त्याच्या डोळ्यांत पाहू नये, मुलांना त्याच्या पाठीवर हात ठेवू देऊ नये आणि खिशातील बिस्किट खिशातच राहू द्यावे. त्याचे लक्ष क्षणभर ढळले तर पाय मुरगळतो तो मालकाचा. अंध व्यक्तीचा दंड धरून तिला पलीकडे नेऊ नये. ती चौकात घोटाळलेली दिसली तर तिच्या उजव्या अंगाने, म्हणजे श्वान नसलेल्या बाजूने, जाऊन मदत हवी आहे काय असे तिलाच विचारावे, आणि नको म्हणाली तर आपल्या वाटेने जावे.